साडूंचा कच्चा प्रोग्राम

आपल्या चुका लोकांनी काढाव्यात म्हणून इतका जीव टाकणारा माणूस मीरा-भाईंदरमध्येच काय, साऱ्या कोकणपट्टीत दुसरा सापडायचा नाही. असा माणूस नेमका माझा साडू निघाला, हे मी माझं भाग्य समजतो. निदान त्यांनी केलेलं थालीपीठ समोर येईपर्यंत तरी समजतो. रविवारी सकाळी ते स्वतः थालीपिठं लावतात आणि पहिलं तव्यावरून घाईघाईने उतरवून पाहुण्याच्या पानात टाकतात. वर सांगतात, "मीठ कमी आहे, कडा करपल्यात, मधे कच्चं आहे. याखेरीज काही आढळलं तर सांगा." चांगलं झाल्यावर वाढा की, असं मी एकदा म्हणालो, तर म्हणाले, "तोवर पीठ संपतं हो. मग तुमचं मत घेऊन मी काय करू?"

साडू एका प्रयोगशाळेतून निवृत्त झाले आणि जेसल पार्कच्या घरात, ताईंच्या, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीच्या, शिलाई मशीनला खेटून टेबल मांडून एक प्रोग्राम लिहू लागले. एखाद्या पदार्थावर क्ष-किरण सोडले की त्यातले काही तो पदार्थ शोषून घेतो. किती शोषले याचा आलेख काढला की एक नागमोडी रेघ मिळते आणि त्या रेघेवरून अमक्या अणूच्या शेजारी कोण बसलंय, किती अंतरावर बसलंय, ते ओळखता येतं. हे ओळखून देणारा तो प्रोग्राम. साडू तो इंटरनेटवर फुकट ठेवतात, तोही अर्धाकच्चा. शून्य पूर्णांक एक, शून्य पूर्णांक दोन, अशा त्याच्या आवृत्त्या निघतात आणि प्रत्येकीबरोबर माहीत असलेल्या चुकांची यादी असते. प्रोग्रामपेक्षा यादी मोठी, असं ताई म्हणतात. "पण एक कधी होणार?" मी विचारलं. "एक म्हणजे पूर्ण," साडू म्हणाले. "पूर्ण झालेल्या गोष्टीबद्दल कोण बोलतं हो आपल्याशी?"

सोसायटीचे सेक्रेटरी असतानाही त्यांचा हाच खाक्या. पाण्याच्या वेळांचा कागद फळ्यावर लावला तो 'मसुदा' म्हणून, शेजारी दोऱ्याला पेन बांधून. तळमजल्यावरच्या भाभींनी विचारलं, "अंकल, टाइम फायनल है ना?" साडू आनंदाने म्हणाले, "नहीं, नहीं, अभी कच्चा है. गलती दिखे तो लिखो." दोन दिवसांत त्या कागदावर लिफ्ट, कबुतरं आणि तिसऱ्या मजल्यावरचा ढोल अशा तक्रारी जमल्या, पाण्याची एकही नाही. आम्ही हसलो. साडू मात्र खूश. "लोक वाचतात, बघा!"

प्रोग्रामच्या बाबतीत मात्र कुणी वाचत नव्हतं. शून्य पूर्णांक सहा निघून सात महिने झाले, एक पत्र नाही. रोज सकाळी चहा घेऊन ते मेल उघडायचे आणि चहा गार झाला की बंद करायचे. "चूक सापडत नाही याचा अर्थ वापरणाराच कुणी नाही," एकदा ते म्हणाले. "शून्य पूर्णांक सात काढतो. त्यालाही कुणी विचारलं नाही, तर टेबल हिच्या कापडांना मोकळं करून देतो." ते हे हसत म्हणाले, म्हणूनच मला फार वाईट वाटलं.

सात निघाली आणि मी एक आगाऊपणा केला. खोट्या नावाचा मेल तयार करून त्यांना लिहिलं, की आपला प्रोग्राम वापरला, उत्तम आहे, एकही चूक नाही. संध्याकाळी मुद्दाम घरी गेलो. साडूंनी मेल दाखवला आणि म्हणाले, "हा गृहस्थ थापा मारतोय. उघडूनसुद्धा पाहिलेला नाही." मी चहाचा कप तोंडाला लावला.

खरा मेल आला तो तीन आठवड्यांनी, विदर्भातल्या एका कॉलेजातून. संशोधन करणाऱ्या मुलीचा. साडूंनी लगेच फोन लावला, माझ्यासमोर. "सर, माझ्या सॅम्पलमध्ये लोखंड आहे आणि ऑक्सिजन," पलीकडून आवाज आला. "तुमचा प्रोग्राम सगळीकडे तांबं दाखवून राहिला. मी सगळी भांडी दोनदा घासली, चमचेसुद्धा बदलले. आता गाइड म्हणतात, शनिवारपर्यंत उलगडा नाही झाला तर वर्षभराचे नमुने फेकून दे."

साडूंचा चेहरा पडला. त्यांच्याकडे चांगली मोजमापं होती ती फक्त तांब्याच्या पातळ पत्र्याची. प्रत्येक आवृत्ती ते त्याच्यावरच तपासत. तपासायच्या सोयीसाठी प्रोग्राममध्ये शेजारचा अणू म्हणून तांबंच पक्कं लिहून ठेवलं होतं, ते काढायचं राहिलं. लांबलचक यादीत नेमकी हीच चूक नव्हती. "पोरीला भांडी घासायला लावली मी," ते दोनदा म्हणाले. मग तीन दिवस ते टेबलावरून हलले नाहीत. ताईंनी जेवण तिथेच दिलं. शुक्रवारी दुपारी फोन वाजला. "सर, ऑक्सिजन आला! बरोब्बर अंतरावर!" साडू नुसते डोळे पुसत राहिले. शेवटी ताईंनीच फोन घेतला आणि त्या मुलीला जेवलीस का म्हणून विचारलं.

त्यानंतर तिने काढलेल्या चुकांचं पत्र दर आठवड्याला येऊ लागलं, पुढे चुकांबरोबर दुरुस्त्याही. यंदा साडूंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघायची बंदी, तेव्हा शून्य पूर्णांक आठ तिनेच काढली. परवा गेलो तर साडू नव्या चष्म्यातून ती चालवून बघत होते, पहिल्यांदाच, परक्यासारखे. तासाभराने त्यांना एक चूक सापडली. त्यांनी मायन्याने सुरुवात करून तिला सविस्तर पत्र लिहिलं, दोनदा वाचलं, पाठवलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले. मी म्हटलं, "चला, खाली चक्कर मारून येऊ." "थांबा हो," ते म्हणाले, "तिचं उत्तर येऊ दे."

मी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढली. कुणाच्या उत्तराची अशी वाट मी शेवटची कधी पाहिली होती, ते मला काही केल्या आठवेना.