तांब्यावरचं नाव

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, आणि देवापुढे उभी राहते तेव्हाही हा विषय टाळूनच हात जोडते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असाल, तर आता नीट ओळखाल.

बदलापूर पूर्वेला आमची चार मजल्यांची सोसायटी आहे. मी तिसऱ्या मजल्यावर, शुभांगी दुसऱ्यावर. माझ्या मैत्रिणीचं, या शुभांगीचं, चांगलं नाव मी धुळीला मिळवलं. एवढं आधीच सांगून टाकते, नाहीतर बोलता बोलता मी ते टाळेन. टाळाटाळीत माझा हात कुणी धरणार नाही.

आम्ही दोघी एकाच वर्षी राहायला आलो. तिचा नवरा जांभूळला पाण्याच्या प्लांटवर, माझी नोकरी अंबरनाथ एमआयडीसीत, एका इंजिनिअरिंग कंपनीच्या डिस्पॅचमध्ये. दोघींच्या घरी गौर येते. कोकणातली माणसं आम्ही, त्यामुळे वर्षभर कितीही ओढाताण असली तरी गौरीच्या तीन दिवसांत घर कसं झळझळीत पाहिजे. शुभांगीच्या हाताला मात्र देवानेच काहीतरी जास्तीचं दिलं होतं. तिने गौरीला साडी नेसवली की निऱ्या अशा पडायच्या, जणू बाई आत्ता चालत येऊन उभी राहिली आहे. आसपासच्या आठ-दहा घरांतून तिला बोलावणं यायचं, "आमच्या गौरीला जरा नेसवून दे." पैसे ती घेत नसे. ओटी घ्यायची, चहा घ्यायची आणि पुढच्या घरी जायची. तो तिचा मान होता. मी तिच्याबरोबर जायचे, पिना आणि सुई-दोरा धरायला.

पिना धरायला. बघा, इतक्या वर्षांनीही हे लिहिताना जीभ कडू होते. म्हणजे मला हेवा वाटत होता का? हो. मी त्याला तेव्हा 'कौतुक' म्हणत होते, पण तो हेवाच होता.

सहा वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका मंडळाने गौरी सजावटीची स्पर्धा ठेवली. आपापल्या सजावटीचा फोटो पाठवायचा, मंडळ तो आपल्या पेजवर टाकणार, आणि अनंत चतुर्दशीपर्यंत ज्याला जास्त लाइक्स तो पहिला. मी त्या वर्षी अंबरनाथचं शिवमंदिर केलं होतं, पुठ्ठ्याचं, प्रत्येक खांब वेगळा कापून. दीड महिना खपले. शुभांगीने काय केलं? ट्रेमध्ये भात पेरून उगवला आणि गौरीला लावणीला उभी केली, नऊवारीचा काष्टा मारून, हातात रोपांची मूठ देऊन. बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला माझ्या दुप्पट लाइक्स होते.

आता भाड्याच्या नंबरांचं सांगते. आमच्या ऑफिसात मार्केटिंगच्या एक मॅडम होत्या. कंपनीच्या व्हॉल्व्हच्या फोटोंना कोण कपाळ लाइक करणार? म्हणून त्या खोटी खाती उघडायच्या. खातं उघडताना मोबाइल नंबरावर कोड येतो ना, त्यासाठी इंटरनेटवर नंबर भाड्याने मिळतात. सिम नाही, फोन नाही. नुसता आकडा, कुठल्या तरी परदेशातला. कोड आला की तो वाचून भरायचा, खातं तयार. थोड्या वेळाने तो नंबर आपला राहत नाही, दुसऱ्या कुणाला जातो. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसून हे सगळं पाहिलं होतं आणि घरी येऊन नवऱ्याला म्हटलंही होतं, काय एकेक लबाड माणसं असतात.

गौरी-विसर्जनाच्या दिवशी मी रजेवर होते. दुपारी तेच केलं. अकरा खाती उघडली.

खात्यांना नावं हवी होती. मनाने रचलेली नावं खोटी वाटतात, लिहून बघा तुम्ही. आणि ओळखीची घ्यावीत तर कुणीतरी विचारणार. मग मला शक्कल सुचली — बायकांची माहेरची नावं. लग्न झाल्यावर आपली नावं कुठे जातात? माझ्या थोरल्या जावेचं माहेरचं नाव तिच्या मुलांनाही धड सांगता येत नाही. काकू, मावश्या, आत्या, शाळेतल्या बाई, सगळ्यांची जुनी नावं मी काढली. खरी नावं, पण कुणाच्या वापरात नसलेली. स्वतःच्या हुशारीवर खूश होते मी. दहा नावं झाली. अकरावं लवकर आठवेना, आणि मग एकदम आठवलं. सुमन सखाराम घाडी.

हे शुभांगीच्या आईचं नाव.

तिच्या घरी एक पितळी तांब्या होता. आईच्या लग्नाआधी शुभांगीच्या आजोबांनी लेकीच्या नावाने घेतलेला, ठिपक्या-ठिपक्यांनी नाव कोरलेला. लग्नात सासरच्यांनी ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहिलं, लक्ष्मी, आणि आडनावही बदललं. सुमन घाडी त्या दिवशी संपली. आईचं बारावं-तेरावं करून शुभांगी गावाहून परत आली तेव्हा तो तांब्या घेऊन आली होती. माझ्या स्वयंपाकघरात बसून तिने मला ते नाव बोटाने दाखवलं. म्हणाली, आईचं खरं नाव जगात एवढ्या एकाच जागी उरलंय. त्या दिवसापासून ती त्या तांब्यातच गौरीचं पाणी आणायची. सोसायटीमागच्या विहिरीवर आम्ही बरोबर जायचो. ते नाव माझ्या डोळ्यांसमोर दर वर्षी भरून येत होतं, म्हणूनच तर आठवलं.

मला तेव्हा काहीच कसं वाटलं नाही? खरं सांगते, नाहीच वाटलं. मला फक्त एक नाव हवं होतं.

अकरा लाइक्स मी स्वतःला दिले. तरी शुभांगी पुढेच. आणि दोन दिवसांनी मंडळाने पेजवर टाकलं की बनावट खाती वापरणाऱ्याला बाद करण्यात येईल. सगळ्या खात्यांतून मी लाइक काढून घेतले. इथे थांबले असते तर ही एका हावऱ्या बाईची साधी गोष्ट झाली असती. पण मी थांबले नाही.

ते अकराच्या अकरा लाइक मी शुभांगीच्या फोटोला दिले.

हे मी आज सरळ एका वाक्यात लिहिलं, पण प्रत्यक्षात ते अकरा वेळा केलं. प्रत्येक खात्यात जायचं, तिचा फोटो शोधायचा, दाबायचं, बाहेर पडायचं. अकरा वेळा मला थांबता आलं असतं. शेवटी-शेवटी तर माझा हात सवयीने चालत होता. मग माझ्या खऱ्या नावाने मंडळाला खासगीत मेसेज केला, की माझा कुणावर आरोप नाही, पण पहिल्या क्रमांकाच्या फोटोला काही नवी खाती दिसतात, एकदा बघून घ्यावं. त्यांनी माझे आभार मानले.

संध्याकाळपर्यंत शुभांगी बाद झाली. मंडळाने नाव घालून तसं पेजवर टाकलं, कुणीतरी ते सोसायटीच्या ग्रुपवर पाठवलं, आणि मग काय, खालच्या मजल्यापासून वरच्या मजल्यापर्यंत एकच चर्चा. मी ग्रुपवर लिहिलं, शुभांगी, आम्ही सगळे तुझ्या पाठीशी आहोत. खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं.

मला दुसरा क्रमांक मिळाला. बक्षीस म्हणून प्रेशर कुकर. अजून त्याच कुकरमध्ये भात होतो आमच्याकडे.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी शुभांगी वर आली. चप्पल न काढता दारातच उभी राहिली. हातात फोन होता. रडून आली असेल असं मला वाटलं होतं, पण डोळे कोरडे होते. तिने हळू आवाजात विचारलं,

"ज्यो, आईचं माहेरचं नाव तू कुणाला बोलली होतीस काय गो?"

तिने लाइक करणाऱ्यांची यादी पाहिली होती. कोणी आपल्याला बुडवलं हे शोधायला ती एकेक नाव वाचत गेली असेल, आणि त्या परक्या नावांमध्ये तिला तिची आई सापडली असेल. आजोबांनी कोरून घेतलेलं, तांब्यावरचं, पूर्ण नाव. तो क्षण कसा असेल, याचा विचार मी सहा वर्षं करते आहे आणि दर वेळी अर्ध्यावरून पळ काढते.

मी म्हटलं, "कुठलं नाव?"

एवढंच म्हटलं. आणि तोंडावर आश्चर्य आणलं. त्या नावाचं माझ्यावर इतकं ऋण होतं की निदान 'ते मला माहीत आहे' एवढं तरी मी म्हणायला हवं होतं. तेही म्हटलं नाही. शुभांगीने हातातला फोन बंद केला. मग म्हणाली, काही नाही, सहज विचारलं. आणि जिना उतरून गेली.

ती भांडली असती तर? मी कबूल केलं असतं का? नसतं केलं. मी स्वतःला ओळखते. मी तिच्यापेक्षा मोठ्या आवाजात बोलले असते.

तिने कुणालाच काही सांगितलं नाही. फक्त त्यानंतर मी तिची 'ज्यो' राहिले नाही. जिन्यात भेटली की हसून विचारायची, "बऱ्या आहात ना, ज्योतीताई?" बाकी काही बदललं नाही. हळदीकुंकवाला बोलावते, मी जाते, वाण घेते. पण 'तुम्ही' म्हणते. वीस वर्षं एकमेकींच्या डब्यातली साखर न विचारता घेणाऱ्या बायका आम्ही, आणि ती मला 'तुम्ही बसा ना' म्हणते. सोसायटीतल्यांना वाटतं, वयाने मोठी म्हणून मान देते.

पुढच्या वर्षी गौरीला साडी नेसवायला तिला बोलावणी आली नाहीत. लाइक विकत घेणारी बाई, असं काहीजणी म्हणाल्या, माझ्यासमोर म्हणाल्या. आणि ती घरं मला बोलवायला आली. इतकी वर्षं तिच्याबरोबर होतात, तुम्हाला येत असेलच. मी गेले. निऱ्या तिच्यासारख्या कधीच पडल्या नाहीत, पण मी गेले, ओट्या घेतल्या. शुभांगीने त्या वर्षी सजावट केली नाही. गौर आणली, पूजा केली, दार लोटून घेतलं. विहिरीवर ती स्टीलचा तांब्या घेऊन आली होती. पितळेचा कुठे गेला, असं एका बाईने विचारलं तेव्हा म्हणाली, ठेवून दिलाय.

ते खातं मला नाहीसं करायचं होतं. निदान तेवढं तरी. बाकी दहा खाती ॲपवाल्या कंपनीनेच खोटी ठरवून बंद केली. सुमन घाडी राहिली. मी फोन बदलला होता. आत जायला गेले तर नंबरावर पुन्हा कोड पाठवतो म्हणाले. तो नंबर कधीच माझा नव्हता. आता तो कोणत्या देशात कोणाकडे आहे, देव जाणे. खात्याबद्दल बाहेरून तक्रार करून पाहिली, उपयोग झाला नाही. मंडळाच्या पेजवर शुभांगीचा फोटो अजून आहे. त्यावर लाल अक्षरांत 'बाद' लिहिलंय आणि खाली लाइक करणाऱ्यांमध्ये तिची आई आहे. तिथून तिला काढणं आता कुणाच्याच हातात नाही.

या मे महिन्यात शुभांगीच्या मुलीचं लग्न झालं. घरी येऊन आमंत्रण दिलं तिने, अक्षता ठेवून, रीतसर. मी उल्हासनगरला भांड्यांच्या दुकानात गेले आणि पितळी तांब्या घेतला. चांगला जड होता. दुकानदाराने कोरायचं मशीन हातात घेतलं आणि विचारलं, नाम क्या डालूँ, भाभी? आपल्याकडे देणाऱ्याचं नाव घालतात. माझं नाव त्या तांब्यावर कसं घालू? आणि दुसरं जे नाव जिभेवर आलं होतं, ते उच्चारायची माझी लायकी होती का? म्हटलं, राहू दे. तो म्हणाला, "नाम नहीं डालेंगे तो याद कैसे रहेगा, किसने दिया?"

हॉलमध्ये गर्दी होती. शुभांगीने कागद सोडवला, तांब्या बाहेर काढला. सगळ्याच बायका करतात तसं तिने तो हातात फिरवला, नाव बघायला. एकदा फिरवला. मग पुन्हा एकदा, सावकाश. मग माझ्याकडे बघून म्हणाली,

"बरं केलंत, ज्योतीताई, नाव नाही घातलंत ते."

आणि तो बाकीच्या भांड्यांत ठेवून तिने मला जेवायला बसायला सांगितलं. मी बसले. पंगतीत दोन वेळा वाढून घेतलं, कारण नाही म्हटलं असतं तर तिने आग्रह केला असता.

तिला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. आणि तिला माहीत आहे हे मलाही, तिने दारात तो प्रश्न विचारला तेव्हापासून. तरी मी तिला सांगितलेलं नाही. दोघींच्या घरांच्या मध्ये एक जिना आहे, सतरा पायऱ्या. आज सकाळीही मी तो उतरून, तिच्या दारावरून, रिक्षा पकडायला गेले.