सलूनवाल्याची बायको बोलते
सलूनवाल्याला गल्लीत सगळे रेडिओ म्हणत. यात अन्याय रेडिओवर होता, कारण त्याला निदान बंद करायचं बटण असतं. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, गळ्याभोवती कापड आवळलं, की हा सुरू. मानेवर वस्तरा असताना कोण कशाला वाद घालतंय? समोरच्या आरशात गिऱ्हाईक हसतंय की नाही हे त्याला दिसायचं. हसलं नाही, तर बिचाऱ्याला हसेपर्यंत उठू देत नसे.

त्याची एकुलती एक मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना स्वतःच्या हाताने जीव देऊन गेली. त्या दिवसापासून बायकोने तोंड मिटलं ते मिटलंच. स्वयंपाक करी, कपडे वाळत घाली, फार विचारलं तर हाताने खूण करी. शब्द नाही. मग तिघांच्या वाटणीचं हा एकटाच बोलू लागला. "भाजीत मीठ कमी आहे का गं?" असं विचारायचं, "तुमच्या जिभेलाच चव नाही" असं तिच्या आवाजात उत्तर द्यायचं, आणि हसायचंही आपणच. त्याला एकच हवं होतं, तिने एकदा तोंड उघडावं. शिव्या घातल्या तरी चालतील.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला गोळ्या दिल्या आणि दोघांनाही गुरुवारच्या चालण्याच्या गटात घातलं. शहराबाहेर तलावाच्या कडेने झाडीतून एक वाट होती. मनाने खचलेली आठ-दहा माणसं तिथे जोडीजोडीने चालत. गट चालवणारी मुलगी तिशीचीही नव्हती, पण तिच्या आजोबांच्या वयाचे लोकसुद्धा तिला ताई म्हणत. खोलीत समोरासमोर बसून जे घशात अडकतं, ते शेजारी चालताना सुटतं, कारण कोणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, असं ताईचं म्हणणं. वाटेवर ऐकलेलं वाटेवरच सोडायचं, हा तिचा कडक नियम.

"ताई, हिच्या वतीने मीच बोलतो की," सलूनवाला पहिल्याच दिवशी म्हणाला. "हिच्या मनातलं मला सगळं पाठ आहे."

"पाठ आहे ना? मग आज सुट्टी घ्या," ताई म्हणाली, आणि बायकोला तिने सगळ्यात मागे एका निवृत्त नर्सबाईंच्या जोडीला दिलं. याच्या वाट्याला झोप उडालेला एक ट्रकवाला आला. शेजारी रेडिओ लागल्यावर झोप परत यायची आशाही उडाली.

असे बरेच गुरुवार गेले. मध्ये एकदा सलूनवाला तापाने घरी राहिला, नर्सबाईही आल्या नाहीत, म्हणून ट्रकवाला त्याच्या बायकोबरोबर चालला. पुढच्या खेपेला तो सहज बोलून गेला, "वहिनींचा आवाज छान आहे हो."

"काय म्हणालास?"

"काही नाही. वाटेवरचं वाटेवर."

"ती बोलते?"

"सोड ना, रेडिओ. मी काही बोललोच नाही."

"कधीपासून बोलते?"

ट्रकवाल्याने तोंड पाण्याकडे वळवलं. "नर्सबाईंबरोबर म्हणे पहिल्या दिवसापासून."

सलूनवाला तडक ताईकडे गेला. "मला हिच्याबरोबर चालायचंय. आज. आत्ता."

"त्यांना विचारते."

बायको ताईच्या कानाशी काहीतरी पुटपुटली. तिचे ओठ हललेले त्याला लांबून दिसले. मग दोघं शेजारी चालू लागली.

"काय बाईसाहेब," त्याने सवयीने सुरुवात केली, "संप काय तो आमच्यापुरताच होय?"

"ती दुकानात आली होती," बायको म्हणाली.

त्याने गर्रकन मान वळवली.

"समोर बघा. दुपारी आली होती. रिकाम्या खुर्चीत बसली. बाबा, मला कशातच बरं वाटत नाही, म्हणाली. आठवतंय?"

आठवत होतं. त्याने लेकीच्या गळ्याभोवती कापड गुंडाळलं होतं आणि म्हटलं होतं, "थांब, टक्कलच करतो, डोक्याचा भार उतरेल." बाकावरची गिऱ्हाइकं खो खो हसली होती. आरशात तीही हसलेली दिसली होती. विनोद इतका जमला होता, की संध्याकाळपर्यंत येईल त्याला त्याने तो ऐकवला.

"रात्री तिने मला सांगितलं. मी भांडी घासत होते. म्हटलं, बाबांना सांगितलंस ना, मग झालं. वळूनसुद्धा बघितलं नाही मी. शेवटचं तिच्याशी बोलले ते हेच. मग झालं."

"अगं, मला काय..."

"मध्ये बोलू नका. तुम्ही बोललात की मला ती बाकावरची माणसं हसताना ऐकू येतात. घरात दिवसभर ऐकू येतात."

मग ती बोलतच राहिली. पोरीचं जेवण कधीपासून कमी झालं होतं, मैत्रिणींचे फोन ती का घेत नव्हती, आपल्याला काय काय दिसलं होतं आणि आपण काय म्हणून सोडून दिलं होतं. एवढे दिवस ज्या आवाजासाठी तो आसुसला होता, तो आवाज त्याला फाटकापर्यंत अखंड ऐकायला मिळाला.

फाटकाशी त्याची मेहुणी बायकोची बॅग घेऊन उभी होती; दोघी बहिणींचं आधीच ठरलेलं दिसत होतं. मेहुणीची थट्टा केल्याशिवाय तो कधी राहिला नव्हता. आज तिने त्याच्याकडे बघितलंही नाही.

"मी हिच्याकडे राहणार आहे," बायको म्हणाली.

"किती दिवस?"

"ठाऊक नाही."

"गुरुवारी येशील?"

"येईन."

"मी येऊ?"

तिने बहिणीच्या हातातली बॅग आपल्या हातात घेतली. "या. अजून बरंच सांगायचं राहिलंय. पण मध्ये बोलायचं नाही."

हो म्हणायला त्याने तोंड उघडलं. तेही तिने बोलण्यातच धरलं तर, या भीतीने त्याने नुसतीच मान हलवली.