वायसर भेटला काय?
ब्रेक ऑइलचा तो उग्र, गोडसर वास आला की मेडशीच्या घरासमोर विटांवर चढवलेली वडिलांची पांढरी मोटार डोळ्यांपुढे येते. ब्रेकमधला नखाएवढा रबरी वायसर, म्हणजे वॉशर, गेला होता आणि ते मॉडेल कंपनीने केव्हाच बंद केलं होतं. तिकडे शेलूबाजारला अंथरुणाला खिळलेली आत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, हट्ट धरून बसली होती, "माहेरी नेशीन तं तुह्याच गाडीत ने, भाड्याच्या जीपीत मी येत नाही." झिजलेला वायसर खिशात घालून मी वाशीमची सगळी दुकानं पालथी घातली. दुकानदार तो बोटांत फिरवत म्हणायचे, "पह्यले भेटे भाऊ, आता नाही भेटत." आमच्याकडे माणूसही भेटतो आणि सामानही भेटतं. संध्याकाळी एसटीतून उतरून घरी यावं तर वडील मोटारीत स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेले असत. "भेटला काय?" मी नकारार्थी मान हलवली की काच वर करून घेत. एका दुपारी आत्या गेल्याचा फोन आला. वडील भाड्याच्याच जीपने गेले, अंत्यविधी उरकून परतले, आंघोळ केली आणि ओल्या डोक्यानेच मोटारीत जाऊन बसले. मी जवळ गेलो तर म्हणाले, "वायसर भेटला काय?" परवा, तेव्हा नंबर देऊन ठेवलेल्या एका भंगारवाल्याचा फोन आला, "भाऊ, तुमचा वायसर भेटला." मी नुसतं बरं म्हणालो, भेटला काय, असं विचारणारं आता घरात कोणी नव्हतं.