एवढी सुई होऊ दे

सुधीरशी माझं शेवटचं बोलणं झालं ते भांडणच होतं. नवरात्रातला शनिवार, सकाळचे साडेदहा. पहाटेपासून त्याचा डावा खांदा दुखत होता, कळ जबड्यापर्यंत जात होती, आणि दुबईच्या अल बर्शा भागातल्या आमच्या घरापासून दवाखाना गाडीने जेमतेम सात मिनिटांवर. मी पर्स, इन्शुरन्सचं कार्ड, किल्ल्या घेऊन दारात उभी, आणि हा माणूस सोफ्यावर, मांडीवर करड्या लोकरीची शाल घेऊन विणतोय. "ऊठ," म्हटलं. तर मान वर न करता म्हणतो, "एवढी सुई होऊ दे." विणणारी माणसं एका ओळीला एक सुई म्हणतात. ही सुई आमच्या संसारात जवळजवळ तीस वर्षं आडवी आलेली. माझं डोकंच फिरलं. "खलास! मी खाली गाडीत बसते. तुझी सुई झाली की ये," असं म्हणून दार आपटून निघाले. बेसमेंटमध्ये एसी लावून वीस मिनिटं फणफणत बसले. दोनदा फोन केला, त्याने उचलला नाही. मग एकदाचा आला, पट्टा लावला, "चल" म्हणाला... दवाखान्याच्या दारात तो कोसळला, तो परत उठलाच नाही.

सात आठवडे झाले. सगळे म्हणतात, त्याच्या चांगल्या आठवणी लिहून काढ, मन हलकं होईल. चांगल्या आठवणी पुष्कळ आहेत हो, पण त्यांतल्या प्रत्येकीत मी त्याच्यावर वैतागलेली आहे, त्याला मी काय करू?

विणायला तो शिकला रास अल खैमात. तिथल्या एका टाइल्सच्या कारखान्यात तो नोकरीला होता. मी लग्न होऊन नवीनच आलेली, ईशाच्या वेळचे दिवस होते आणि साहेबांच्या दिवसाला वीस सिगरेटी. बाळ आणि धूर एका घरात राहणार नाहीत, असं मी निक्षून सांगितलं. तर हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून त्याने माझ्याच सुया उचलल्या. बाळासाठी मी टोपडं विणायला घेतलं होतं, ते त्यानेच पुरं केलं. इतकं ऐसपैस, की ईशाला ते बसलं चौथ्या वर्षी. सिगरेट सुटली हे खरं, पण माझ्या सुया मला कधीच परत मिळाल्या नाहीत. जेवणाच्या सुट्टीत तो कॅन्टीनमध्ये विणत बसायचा. हाताखालची माणसं चिडवायची, "साब, कौनसा महीना चल रहा है?" हा शांतपणे टाके मोजत उत्तर द्यायचा, "पाँचवाँ." आणि घरी येऊन ते मला कौतुकाने सांगायचा. मी लाजेने अर्धी व्हायचे.

दुधाला उकळी आलेली असो, पाहुणे दारात असोत, विमानतळावर आमच्या नावाचा पुकारा होत असो, उत्तर ठरलेलं, "एवढी सुई होऊ दे." ईशाच्या वेळी मला कळा सुरू झाल्या तेव्हाही हेच. पुण्याहून परतताना तीस किलो सामानात बारा किलो लोकर. माझी भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आईच्या टेबलावर तसाच. "अरे, पंचेचाळीस अंशांच्या उन्हात लोकर कुणाला हवीय?" मी ओरडायचे. "तुझ्या ऑफिसात किती अंश असतात?" तो विचारायचा. जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या ऑफिसात भर ऑगस्टमध्ये बोटं काकडतात. एचआरच्या आम्ही सगळ्या जणी त्याच्या हातच्या शाली पांघरून बसतो. बरोबर असण्याची त्याची ही सवय तर सुईपेक्षाही वैताग आणायची.

आणि शरद ऋतू म्हणजे विचारूच नका. आमच्याकडे शरद कॅलेंडरवर वेळेत येतो, खरा येतो तो उशिरा. ऑक्टोबर संपता संपता एखाद्या सकाळी बाल्कनीचं दार उघडल्यावर चष्म्यावर वाफ धरत नाही, तो दिवस. सुधीर त्या दिवशी "आला!" असं ओरडून सगळं घर जागं करायचा आणि खुर्ची टाकून बाहेर विणत बसायचा, दिवस पूर्ण वाया. दसऱ्याला इथे आपट्याची पानं कुठून आणणार? ईशा सहा वर्षांची असताना कागदाची कापून दिली, तर ती म्हणाली, "बाबा, धिस इज जस्ट पेपर." झालं, याच्या अंगात आलं. पिवळ्या लोकरीची आपट्याची पानं, दोन पाळ्या, मधे शीर, दर वर्षी चाळीस. तीन आठवडे आधीपासून घरात स्वयंपाक मी, झाडलोट मी, पाहुण्यांची यादी मी, आणि हा आपला पानं पाडतोय. एका वर्षी बिल्डिंगच्या नातूरला, म्हणजे आमच्या पठाण वॉचमनला, एक पान हातात ठेवून म्हणाला, "ये सोना है, भाई, सँभाल के रखना." तो बिचारा संध्याकाळी माझ्याकडे आला. "भाभीजी, साब ने सोना दिया है. मैं इतनी बड़ी चीज़ कैसे लूँ?" त्याला समजावता समजावता माझ्या पुरणपोळ्या करपल्या. कोजागरीला गच्चीवर मसाला दूध ढवळायला याला बसवलं, तर हात कुठे आणि लक्ष कुठे! करपट वासाचं दूध सगळ्यांनी "वा वा" करत प्यायलं, आणि पातेलं घासलं मी.

या वर्षी त्यातलं काहीच झालं नाही. तो गेला आणि दोन दिवसांनी दसरा होता. दिवाळीत आकाशकंदील लावला नाही. पहिल्या दिवाळीला असं घर रिकामं राहू नये म्हणून इथल्या मराठी मंडळातल्या बायका फराळ देऊन गेल्या, पाच घरच्या पाच तऱ्हांच्या चकल्या. मी एकीलाही तोंड लावलं नाही. माझ्या डोक्यात एकच घोळत होतं, वीस मिनिटं. मी गाडीत रुसून न बसता त्याला दंडाला धरून उठवलं असतं तर? डॉक्टरांना मी तीनदा विचारलं. ते तिन्ही वेळा म्हणाले, "मॅडम, सांगता येणार नाही." ईशा म्हणते, "आई, स्टॉप. यू डिडन्ट नो." पण मला माहीत नव्हतं, याने कुणाची सुटका होते? एका सुईसाठी त्याने जीव घालवला आणि हट्टाने मी तो घालवू दिला, असंच मी धरून चालले होते. ती विणकामाची पिशवी कपाटात कोंबून ठेवली होती, उघडून बघायची माझी हिंमत नव्हती.

गेल्या शनिवारी ऋजुता आली. मंडळातली पंचविशीची मुलगी, सुट्टीच्या दिवशी सुधीरकडे विणकाम शिकायला यायची. म्हणाली, "काकू, काकांची शाल राहिली असेल ना? मी पूर्ण करू का? तुम्हाला चालणार असेल तरच." मी पिशवी तिच्यापुढे टाकली आणि चहा टाकायला गेले. परत येते तर ही शाल मांडीवर घेऊन नुसती बसलेली.

"काकू... ही नाही पूर्ण करता येणार."

"का? इतकी अवघड आहे?"

"सुईवर टाकेच नाहीत. काकांनी टाके बंद केलेत."

मला कळेना. तिने मग समजावून सांगितलं. मधेच उठायचं असलं तर टाके सुईवर तसेच ठेवतात, पुन्हा येऊन पुढे विणता येतं. एकेक टाका दुसऱ्यातून ओढून बंद करतात तो विणणं कायमचं थांबवायचं असेल तेव्हाच. ही शाल जेमतेम हातभर झाली होती, आणि शेवटची ओळ सगळी बंद केलेली, दोरा कापलेला, गाठ मारलेली. ऋजुताने टाके मोजले. "एकशे नव्वद. हात दुखत असेल तर पंधरा-वीस मिनिटं लागतात, काकू," म्हणाली आणि रडायलाच लागली.

मला रडू आलं नाही. त्या पोरीसमोर मी रिकाम्या सोफ्याकडे बघून ओरडले, "अरे, माहीत होतं तुला! वीस मिनिटं होती तुझ्याकडे, आणि ती तू लोकरीला दिलीस? मला एक हाक नाही मारावीशी वाटली?" मी खाली रुसून बसले होते तेव्हा हा वर निरोप घेत होता, आणि माझा नव्हे, शालीचा! की माझाच? ती शाल माझ्यासाठीच होती ना? हेही मलाच ठरवायला लावून गेलाय.

सोमवारपासून ती मी ऑफिसात नेते. एकाच खांद्याला पुरते. शेजारच्या टेबलावरची लखनऊची बाई पहिल्याच दिवशी म्हणाली, "अरे, यह तो आधी है. किसी से पूरी करवा लो ना."

"नहीं," मी म्हटलं, "पूरी है. उन्होंने खुद बंद की है."

एवढं बोलताना मला रडू फुटलं, भर ऑफिसात, सगळ्यांसमोर. याबद्दलही मी सुधीरला माफ करणार नाही.