उशी बसली की घोडी

आमच्या भावजींना माणसांची पर्वा नव्हती असं म्हटलं तर त्यांना राग येईल, पण गाड्यांच्या पोटाची जेवढी होती तेवढी माणसांची नव्हती, हे मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे. भावजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ. आम्ही तिघंही एकाच गॅरेजात कामाला. दोघे भाऊ गाड्यांशी झटायचे आणि मी शेडच्या कोपऱ्यात मशीनवर सीट कव्हरं शिवायची. घरी सासूबाई. चौघांचा संसार, दोन खोल्या, आणि भांडायला विषय भरपूर.

गॅरेजात साध्या गाड्या चुकूनच यायच्या. यायच्या त्या स्पोर्ट्स कार, पोट जमिनीला घासतंय की काय असं वाटायला लावणाऱ्या. आत बसायचं तर आधी वाकायचं, मग लोळायचं, आणि उतरताना कुणीतरी हात द्यायचा. एवढे पैसे मोजून माणूस स्वतःची ही अवस्था का करून घेतो, हे मला कधी कळलं नाही.

अशा गाडीखाली जॅक मुळात शिरतच नाही. आधी चाकांपुढे लाकडी फळ्या ठेवायच्या, गाडी हळूच त्यांवर चढवायची, तेव्हा कुठे जॅकला वाट मिळते. त्यातून पोटाला सगळीकडे पातळ आवरण. लोखंडी जॅक चुकीच्या जागी टेकला की ते कडकन फुटतं. दारांच्या खाली पत्र्याची दुमडलेली शिवण असते, तिच्यावर वजन आलं की ती चेपते. उचलायच्या जागा ठरलेल्या, तळहाताएवढ्या, आणि उभ्या माणसाला त्या दिसत नाहीत. भावजी गाल फरशीला लावून, टॉर्च धरून ती जागा शोधायचे. मग जॅकच्या डोक्यावर रबराची जाड चकती ठेवायचे. ती त्यांनी स्वतः कापलेली, मध्ये खाच पाडलेली, म्हणजे शिवण खाचेत सुखरूप राहते आणि भार बाजूच्या जाड पत्र्यावर येतो. ठेवण्याआधी चकती पुसायचे, गाडीची जागाही पुसायचे. वाळूचा एक कण मध्ये राहिला तर रंग गेलाच म्हणून समजा.

हाच माणूस घरी पाण्याची बादली अशी दाणकन आपटायचा की सासूबाई दचकून उठायच्या.

"गाडी समजून ठेवा ना जरा," मी म्हणायचे.

"गाडीला कळतं, वहिनी. बादलीला काय कळतंय?"

त्या चकतीला आधी सगळे रबर म्हणायचे. उशी हे नाव सासूबाईंचं. एका सुट्टीच्या दिवशी भावजी खिडकीत बसून नव्या चकत्या कापत होते, कडा घासून गोल करत होते, गालाला लावून बघत होते. सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "गाडीला उशी शिवतोस का रे? माझी मान धरलीय कधीची, माझ्यासाठी नाही सुचली आणायला." माझा नवरा एवढा हसला की चहा अंगावर सांडला. गॅरेजात जाऊन त्यानं ते तिखटमीठ लावून सांगितलं आणि तेव्हापासून रबराची उशी झाली. भावजींचं नाव उशीशेठ पडलं. गाड्यांचे मालकसुद्धा येऊन विचारायचे, "उशीशेठ आहेत का? नसतील तर उद्या आणतो गाडी." भावजी वरवर चिडायचे. पण त्या दिवशी घरी आल्यावर दोन पोळ्या जास्त जायच्या, हे वाढणारीला कळत होतं.

आता कामाची रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर अडलेलं आहे.

जॅक फक्त उचलण्यापुरता. त्याच्या भरवशावर गाडीखाली काम करायचं नाही. गाडी वर गेली की तिच्याखाली लोखंडी घोडी, म्हणजे पायांचा टेकू, ठेवायची. घोडीनं भार घेतला की मग खालचं काम. या गाड्यांत अडचण अशी की कडेची चांगली जागा जॅकनंच अडवलेली असते. म्हणून घोडी आतल्या बाजूला सरकवावी लागते आणि ती नीट लावायला कुणालातरी छातीपर्यंत आत शिरावं लागतं. ते काम माझ्या नवऱ्याचं. जॅकचा दांडा भावजींच्या हातात. दांड्यापाशी उभ्या माणसाला आतलं काही दिसत नाही, सगळं आवाजावर चालतं. घोडी जागेवर बसली की नवरा आतून ओरडायचा, "बसली!" मग भावजी दांडा फिरवून जॅक सोडायचे. तेसुद्धा इतकं अलगद, की आपण खाली आलो हे गाडीलाही कळू नये.

कित्येक वर्षं हा एकच शब्द पुरला. जॅकवरची उशी भावजी स्वतःच्या हातानं ठेवायचे, तिची हाक द्यायची वेळच यायची नाही.

मग एका गाडीवाल्याला पोटावर घोडीचा ओरखडा सापडला. ज्या जागेकडे गाडी भंगारात जाईपर्यंत कुणी बघणार नाही, तिथला नखाएवढा ओरखडा. त्यानं शेड डोक्यावर घेतली. गॅरेजच्या मालकांनी लगेच फर्मान काढलं, यापुढे घोडीच्या डोक्यावरही उशी पाहिजे. भावजी खूश. हे मी आधीपासून सांगत होतो, म्हणाले, आणि घोडीच्या मापाच्या उशा कापून आणल्या. उशा चांगल्या होत्या. फर्मानातही काही वावगं नव्हतं. फक्त हाक बदलायला हवी, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

त्या आठवड्यातच एक पांढरी गाडी आली. दुपारची वेळ होती, गाडीवाला हाताची घडी घालून उभा. फळ्या झाल्या, जॅक लागला, गाडी वर गेली. नवरा पाठीवर सरकत आत शिरला. माझ्या मशीनवरून गाडीची ती बाजू समोर दिसायची. घोडी त्याच्या बगलेशी आडवी होती. तिच्या डोक्यावर तो उशी दाबत होता. नवी होती, घट्ट होती, जात नव्हती. त्यानं तळव्यानं दोन ठोसे मारले आणि ती बसली.

"बसली," तो म्हणाला. ओरडला नाही. कव्हराचा हट्टी कोपरा शेवटी जागेवर गेला की मी जसं म्हणते, तसं म्हणाला.

भावजींनी दांडा फिरवला.

त्याच वेळी कोपऱ्यातला हवेचा कॉम्प्रेसर सुरू झाला. नवरा ओरडला असेल तर कुणाला ऐकू आलं नाही. मी ओरडले, "उचला! भावजी, उचला!" त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं मात्र, आणि जिवाच्या आकांतानं दांडा मारायला लागले. पण त्या गाडीत आणि जमिनीत अंतर असं ते किती? ती नेहमीसारखी अलगद खाली आलेली होती. आम्ही नवऱ्याला ओढून काढलं. त्याच्या डोळ्यांत ओळख होती, बोलायला श्वास नव्हता. दवाखान्याच्या पायरीवर ओळखही गेली.

गाडीच्या पोटाला काही झालं नाही. गाडीवाला वाकून बघत होता, तेही मी बघितलं.

मी शिवणारी बाई, माझं डोकं धाग्यासारखं एकाच जागी पुन्हा पुन्हा जातं. रबर हे जुनं नाव राहिलं असतं तर माझा नवरा "बसलं" म्हणाला असता. "बसलं" ऐकून भावजींनी दांड्याला हात लावला नसता. रबर बसतं, घोडी बसते, घोळ व्हायचं कारणच नव्हतं. रबराची उशी झाली आणि दोन्हींची हाक एक झाली. एका म्हातारीची थट्टा, आणि तीही खिडकीत बसून, लेकाच्या कौतुकानं केलेली. हे मी सासूबाईंना सांगितलेलं नाही. मरेपर्यंत सांगणार नाही.

मालक घरी आले, खुर्चीच्या टोकावर बसले. "घोडी सरकली हो," म्हणाले. "लोखंडाचा काय भरवसा?" चौकशीलाही त्यांनी हेच सांगितलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांच्याच सोयीचं होतं ते. मला कुणी विचारलं नाही. नवरा गेलेल्या बाईला काय विचारायचं, असं वाटलं असेल. घोडी भंगारात टाकली. तिला तोंड नव्हतं, म्हणून गुन्हा तिच्या गळ्यात.

सासूबाईंनी घोडी म्हणजे काय ते कधी पाहिलं नव्हतं. तरी सकाळी डोळे उघडले की तिच्या नावानं बोटं मोडायला सुरुवात. "मेली, सटवी, माझा सोन्यासारखा पोरगा गिळला तिनं. गंजेल, कुजेल, तिचे तुकडे तुकडे होतील." भाजी निवडताना शिव्या, वेणी घालताना शिव्या. "गंजेल" ऐकून मला एकदा हसू फुटलं आणि ते हसू लपवायला मी मोरीत गेले ती बराच वेळ बाहेर आले नाही. पण एक होतं, शिव्या देऊन झाल्या की त्या जेवायच्या. अंगात थोडी धुगधुगी दिसायची.

शिव्या सुरू झाल्या की भावजी चपला घालून बाहेर. ते गॅरेजात जात होते, पण जॅकला हात लावत नव्हते. झाडलोट करायचे, फळ्या उचलून ठेवायचे. जो तो त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचा, "तुझी काय चूक? घोडीच सरकली." ते ऐकून त्यांची पाठ आणखी वाकायची. घरी आमच्याबरोबर जेवणं बंद. उरलेलं ताटात घेऊन दारापाशी खायचे.

मला त्यांचा राग होता का? होता. घास घेणारा हात दिसला की मला तोच हात दांड्यावर दिसायचा. आणि दुसऱ्या क्षणी मान खाली घालून चावणारा तो माणूस दिसायचा, तेव्हा तो रागही धड करता यायचा नाही. मी वाट बघत होते. ते विचारतील, तेव्हा खोटं सांगायचं नाही, एवढंच ठरवलेलं होतं.

मी गॅरेज सोडून शिवणकाम घरी आणलं होतं. एके सकाळी भावजी मशीनपाशी येऊन उभे राहिले.

"वहिनी, तुम्ही समोर होतात."

"होते."

"काय बसली होती? उशी की घोडी?"

मी पाय पेडलवरून काढला. मशीन थांबेपर्यंत थांबले.

"उशी."

ते मशीनशेजारी जमिनीवर बसले. "मला माहीत होतं. घोडी बसली की दादा शेड दणाणून सोडायचा. हा आवाज लहान होता. हात फिरला आणि मग माझ्या लक्षात आलं."

"माहीत होतं तर विचारता कशाला?"

"घरात एक माणूस तरी खरं बोलतंय का, ते बघायचं होतं. सगळे मला जपतायत, वहिनी. जपून जपून जीव घेतायत माझा."

"मग ऐका," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, चढू दिला. "तुमच्या हातानं गेले ते. आणि तुम्ही मुद्दाम केलं नाहीत. दोन्ही खरं आहे. दोन्हींचा मला संताप येतो."

तेव्हा ते रडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखे. मी जवळ गेले नाही. पाण्याचा तांब्या तेवढा पुढे सरकवला.

डोळे पुसून उठले आणि म्हणाले, "आता आईला सांगतो."

"खबरदार! त्यांचं वय बघा. त्या एवढ्यावर जगतायत."

"ती रोज माझ्यासमोर त्या लोखंडाला शिव्या देते. त्या माझ्या आहेत, वहिनी. माझ्या वाट्याच्या शिव्या किती दिवस दुसऱ्याच्या पदरात टाकू?"

मी दारात आडवी उभी राहिले. त्यांनी मला हात लावला नाही, नुसते समोर उभे राहिले, आणि शेवटी मीच बाजूला झाले. त्यांना एवढं तरी मिळावं, असं वाटलं मला.

सासूबाई खिडकीत बसून कपड्यांच्या घड्या घालत होत्या, आणि घोडीचा उद्धार चालू होता. भावजी त्यांच्यासमोर मांडी घालून बसले.

"आई, घोडी सरकली नाही. ती लावलेलीच नव्हती. मला वाटलं लावली, आणि मी जॅक सोडला. माझ्या हातानं झालं."

सासूबाईंच्या हातातली घडी तशीच राहिली. त्यांनी भावजींकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली. भावजी गाल पुढे करून बसले होते. एक सणसणीत बसली असती तर त्या माणसाचं भलं झालं असतं. ऊर बडवून घेतला असता, चालता हो म्हणाल्या असत्या, तरी चाललं असतं. सासूबाईंनी त्यांचा हात हातात घेतला, उलटा करून तळवा बघितला, आणि परत त्यांच्या मांडीवर ठेवून दिला.

"हे मला कशाला सांगितलंस रे?" त्या म्हणाल्या. "त्या मेलीला शिव्या घालून माझा दिवस जात होता. आता कुणाला घालू? तुला? तू एकटाच तर उरलायस."

त्यानंतर त्यांनी घोडीचं नाव काढलं नाही. सकाळी उठतात, तोंड धुतात आणि खिडकीत बसून राहतात. जेवणावरची वासना गेली आहे. भावजी कामावर जायच्या आधी त्यांच्यासमोर जाऊन बसतात, मान खाली घालून, शिव्यांची वाट बघत. त्या येत नाहीत.