आटलेल्या तळ्यातला मेळा

कापसाची वाळलेली पऱ्हाटी जळल्याचा वास आला की मला मारेगावकडचं आमचं आटलेलं तळं आठवतं. कापसाचे वाईट दिवस होते, बाहेरून नाचगाण्याची दंडार बोलवायचा गावात कुणाला हुरूप नव्हता, म्हणून एका संध्याकाळी तळ्याच्या भेगाळलेल्या मातीत आम्हीच जमलो. तिकीट नाही, दुकान नाही आणि नुसतं बघायला कुणी यायचं नाही. ज्याला जे येतं ते त्यानं करायचं, एवढाच नेम. मेकॅनिक चाचांनी पान्यानं सायकलची रिंग वाजवली, कुणी कोल्ह्यासारखं ओरडलं. मग शेजारच्या काकूची पाळी आली. काका जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ती म्हणाली, "मले काहीच येत नाही. मी नुसती बसतो." नेम मोडत होता, सगळे एकमेकांकडे पाहू लागले. चाचांनी पाना खाली ठेवला. "बसा ना भाभी, आमीबी बसतो." पऱ्हाटीची शेकोटी विझेपर्यंत सगळं तळं गप्प बसलं. आता मेळा मोठा झालाय, लांबून माणसं येतात, पण सुरुवात अजून तशा बसण्यानंच होते. यंदा एका पाहुण्यानं कंटाळून विचारलं, "कार्यक्रम कवा सुरू होते?" काकू आगीकडे बघतच म्हणाली, "सुरूच तं हाय."