आत्याला लाल रंग हवा होता

गेल्या मंगळवारी मुरबाड तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीत आम्ही भिंतीवर नकाशा लावला. त्यात आपल्या शेताचा उतार लालभडक दिसला म्हणून माझी आत्या खुदकन हसली... चहा संपेपर्यंतही ते हसू टिकलं नाही.

जरा मागून सांगते. मी ज्या एजन्सीत काम करते ती डोंगरपायथ्याची माती कुठे किती धुपेल याचा अंदाज काढते. उतार, पाऊस, मातीचा प्रकार, वर झाडोरा किती, हे सगळं कॉम्प्युटरला द्यायचं आणि तो नकाशात रंग भरतो. हिरवा म्हणजे निर्धास्त, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे धोका. मग आमच्यासारख्यांनी उन्हातान्हात फिरून तो रंग खरा की खोटा ते बघायचं.

मे महिन्यात माझ्या वाट्याला नेमकी आत्याचीच वाडी आली. मी शहापूरची, ती लग्न होऊन इकडे आलेली. म्हटलं बरं झालं, कामही होईल आणि आत्याच्या हातची भाकरीही मिळेल.

भाकरी मिळाली. पण तिच्या नाचणीच्या उतारावर गेले आणि थबकलेच... तिथला दगडी बांध जागोजागी उतरवलेला होता आणि दगड बाजूला नीट रचून ठेवलेले. मामांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, दर उन्हाळ्यात थोडा थोडा करून तो बांध घातला होता. लहानपणी आम्ही त्यावर बसून करवंदं खायचो. मामा गेल्यावरही आत्याने त्याचा एक दगड ढळू दिला नव्हता.

"मीच काढले," आत्या म्हणाली. "लाल रंग लागल त्याला सरकार पक्का बांध बांधून देनार, असं सगळी बोलतात. आमाला लाल कर गो. धड बांध बघून कोन काय देल?"

हसावं की रडावं कळेना. पण आत्या काही वेडी नाही. घरकुलाची पाहणी आली की धड पत्रे उतरवून फाटकी ताडपत्री टाकायची, हे आमच्याकडे सगळेच करतात. ज्याचं जरा बरं दिसतं त्याच्या हातावर कुणी काही ठेवत नाही, हे लोकांनी जन्मभर बघितलंय.

लाल झाल्यावर पुढे काय होणार ते तेव्हा मलाही कुणी सांगितलेलं नव्हतं. मी तिला म्हटलं, दगड परत लावून घे. आणि शेऱ्यात स्पष्ट लिहिलं, बांध मुळात चांगला आहे, नुकताच काढलाय, कॉम्प्युटरने लाल दाखवलेला हा उतार पिवळ्यात घ्यावा.

अजून एक लिहिलं. आत्याच्या उतारावरून वर बघितलं की डोंगराचं उघडं पोट दिसतं. तिथे फार्महाऊसची प्लॉटिंग स्कीम आहे. जेसीबीने डोंगर कापून रस्ते काढलेत, पुढे मोठी कमान उभी केलीय. पावसाळ्यात तिथला मुरूम ओढ्यातून थेट आत्याच्या भाताच्या खाचरात येऊन बसतो. फोटोसुद्धा जोडले होते...

मंगळवारी नकाशा उलगडला आणि कळलं की माझे दोन्ही शेरे कुठेच नाहीत. आत्याचा उतार जसाच्या तसा लाल. आमच्या साहेबांनी गावाला समजावून सांगितलं की लाल पट्ट्यात यापुढे नांगरट नको, नाचणी-वरी बंद करायची, चर खणून झाडं लावायची. शिफारस आहे म्हणे. पण असल्या शिफारशींचं पुढे काय होतं ते इथे शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

आत्याला आधी समजलंच नाही. तिने हात वर करून विचारलं, "मंग बांध कदी येल, सायेब?"

बांध नाही, शेतीच थांबवायची आहे, असं साहेबांनी पुन्हा सांगितलं. तेव्हा तिने कपातला चहा तसाच खाली ठेवला.

मी उभी राहिले. नोकरी गेली तर जाऊ दे म्हटलं, आणि वरच्या स्कीमचं विचारलं. तो सगळा कापलेला डोंगर नकाशात करडा होता. साहेब शांतपणे म्हणाले, ते बांधकाम क्षेत्र आहे, त्याची धूप आपलं कॉम्प्युटरचं मॉडेल मोजतच नाही.

म्हणजे शेत असेल तर धोका. डोंगरच कापून टाकला की धोका संपला! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच... आणि तीही रंगीत प्रिंटमध्ये. माझ्या शेऱ्यांचं विचारलं तर "पुढच्या रिव्हिजनला बघू" असं उत्तर मिळालं. समोरचे लोक बिस्किटं संपवत होते.

सगळे गेल्यावर आत्या नकाशापाशी आली. दगड तिने परत लावलेच नव्हते, पक्का बांध येणार होता ना... त्या मोकळ्या जागांतून या पावसात माती खरोखरच वाहून चाललीय. तिने वरच्या डोंगरावर बोट ठेवलं.

"हा कोनता रंग गो?"

करडा, मी म्हटलं.

"त्याला काय करनार?"

काही नाही.

तिने करड्यावरचं बोट खाली आपल्या लाल उतारावर आणलं. मग माझं मनगट धरून हळूच म्हणाली, "मंग आमाला पन तोच लाव ना."

मी लेखी हरकत दिलीय. येत्या रविवारी आत्याकडे बांध लावायला जाणार आहे, ज्यांना यायचंय त्यांनी या, उपकार होतील. पण आत्या, तो करडा रंग काही मला लावता येणार नाही गं... तो मिळायला आधी डोंगर कापावा लागतो.